मेळघाटात वसंतातलं पक्षिनिरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की मेळघाटाबद्दलचे निरोप सुरू होतात. कधी येऊ, कुठे राहू, रानपिंगळा (इथलं दुर्मीळ छोटं घुबड) नक्की दिसेल ना? निम्मे प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं देण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तिकडे बघावं.

१. मेळघाटात पक्षी बघायला नेमकं कधी यावं?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत. पण तारीख पक्की करण्याआधी झाडांची चौकशी करा. पळस आणि काटेसावर फुलली का, सागाची पानं किती गळली, सिपना नदीत धार आहे की नुसते डोह उरलेत, एवढं परतवाड्याच्या किंवा सेमाडोहच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला, नाहीतर बुकिंग केलेल्या विश्रामगृहाला फोन करून विचारता येतं. एखाद्या वर्षी फुलोरा दहा-बारा दिवस मागेपुढे होतो आणि पक्षी फुलोऱ्याच्या मागे जातात, तुमच्या रजेच्या मागे नाही.

ढोबळ हिशेब असा. फेब्रुवारीअखेर हिवाळी पाहुणे अजून असतात आणि पळस पेटायला लागलेला असतो. मार्चच्या मध्यावर पानगळ बरीच झालेली असते, त्यामुळे पक्षी स्पष्ट दिसतात. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला पंधरवडा हाच. एप्रिलमध्ये फुलं संपत येतात, ऊन चढतं आणि सगळा खेळ पाण्याभोवती येतो (प्रश्न ९).

२. हिवाळ्यात जास्त जाती दिसतात म्हणे. मग वसंत कशाला?

डिसेंबर-जानेवारीत स्थलांतरित जास्त असतात हे खरं. पण तेव्हा जंगल पानांनी भरलेलं असतं आणि पक्षी गप्प असतात. वसंतात स्थानिक पक्षी विणीला लागतात, म्हणजे गातात, भांडतात, घरट्यासाठी ढोल्या तपासतात. पावशा मार्चपासून ओरडायला लागतो, कोकीळ सुरू झालेला असतो, तांबट तासन्‌तास ‘टुक टुक’ करत बसतो. ज्याला नुसती यादी लांबवायची आहे त्याने जानेवारीत यावं. ज्याला पक्ष्याचं वागणं बघायचं आहे त्याने मार्चमध्ये.

३. मेळघाट नक्की केवढं आहे? मुक्कामासाठी कोणती जागा निवडू?

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या गाविलगड रांगांमध्ये पसरलेला हा व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. कोअर (आतला कडक संरक्षणाचा गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) मिळून क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर, आणि त्याचे काही भाग अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतही जातात. म्हणून ‘मेळघाट बघून येऊ’ असं म्हणून भागत नाही, एखादा कोपरा निवडावाच लागतो.

पक्ष्यांसाठी माझी पहिली पसंती सेमाडोह आणि कोलकास. दोन्ही सिपनेच्या काठी, उतारांवर साग, नदीकाठाला उंच झाडं. कोलकासचं विश्रामगृह तर नदीच्या वळणावर उंचावर आहे. सकाळी व्हरांड्यात चहा घेऊन बसलं तरी तास निघून जातो.

चिखलदरा साधारण १,१०० मीटर उंचीवर असल्याने थंड आहे आणि तिथे हॉटेलं भरपूर आहेत. घरच्यांना पक्ष्यांत रस नसेल तर ते सोयीचं. मात्र शनिवार-रविवारी पॉइंटांवर गर्दी आणि भोंगे असतात. तिथे कड्यांच्या बाजूला सकाळी नऊ-दहानंतर थांबावं, ऊन तापलं की हवेच्या झोतावर सर्पगरुड आणि मोरघार वर चढताना दिसतात.

अकोल्याकडून येणाऱ्यांना शहानूर जवळ पडतं. वर नरनाळा किल्ला आहे, त्यावर जुने तलाव आहेत. कोरड्या दिवसांत एवढं पाणी पक्ष्यांना पुरतं.

४. पोहोचायचं कसं?

रेल्वेने अमरावती किंवा बडनेरा. मुंबईहून अंबा एक्स्प्रेस रात्रभरात अमरावतीला आणते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवाही सुरू झाली. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, एसटी सतत असते. परतवाड्याहून घाट सुरू होतो. घटांगपाशी एक रस्ता चिखलदऱ्याकडे वळतो, सरळ गेलात तर सेमाडोह, पुढे हरिसाल आणि धारणी.

डिझेल-पेट्रोल, रोख पैसे, औषधं, हे सगळं परतवाड्यातच उरकून घ्या. घाटात अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचायचं असा बेत ठेवा. वळणांवर गवे आणि सांबरं उभी असतात आणि हेडलाइटसमोर ती हलत नाहीत.

५. किती दिवस पुरतील?

तीन रात्री. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोहोचता, डोळे आणि कान जंगलाला सरावायला दुसरा दिवस जातो, खरं बघणं तिसऱ्या दिवशी होतं. दोन रात्रीच हाताशी असतील तर एकाच जागी राहा. सेमाडोह, चिखलदरा, शहानूर असं सगळं दोन दिवसांत ‘करणारे’ लोक गाडीच्या काचेतून कोतवाल आणि बुलबुल बघून परत जातात. आणि फक्त एकच दिवस असेल तर प्रश्न २१ बघा.

६. बुकिंग कसं करायचं? ओळखपत्र लागतं का?

सफारी आणि वनविभागाच्या राहण्याच्या जागा ऑनलाइन बुक होतात. दर आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून मित्राने मागच्या वर्षी भरलेली रक्कम धरून बसू नका, बुकिंगच्या वेळी जे दिसेल तेच खरं. होळीच्या आसपास आणि लागून आलेल्या सुट्यांना जागा लवकर भरतात. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं, मोबाइलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका. नेटवर्क कुठे येतं, कुठे गायब होतं, त्यामुळे पावतीचा कागदी प्रिंट जवळ असू द्या.

बुकिंग करताना किंवा गेटवर एक गोष्ट आवर्जून सांगा: ‘आम्ही पक्ष्यांसाठी आलोय.’ हे सांगितलं नाही तर जिप्सीवाले आणि गाईड वाघाच्या मागावर वेग धरतात. सांगितलं तर फुललेल्या सावरीखाली वीस मिनिटं गाडी थांबवतात. गाईडांपैकी बरेच जण आसपासच्या कोरकू आदिवासींच्या गावांतले आहेत आणि कोणत्या उंबराला फळ धरलंय हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

७. जंगलात पायी फिरता येतं का?

कोअर क्षेत्रात परवानगीशिवाय नाही, आणि सफारीत गाडीतून उतरायचंही नाही. पायी बघायचं असेल तर मुक्कामाच्या आवारात, गावाच्या कडेच्या रस्त्यावर आणि जिथे वनविभागाने गाईडसह पायवाट ठरवून दिली आहे तिथे. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात. पण पक्ष्यांच्या दृष्टीने जंगलाची कड, शेत आणि जंगल भेटतात ती जागा, आतल्या दाट भागापेक्षा बरेचदा जास्त भरलेली असते. नीलपंख, वेडा राघू, टकाचोर, निखार, सोनपाठी सुतार हे सगळे गावाच्या कडेलाच दिसतात.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली एकट्याने जाऊ नका. रात्री गळलेली फुलं खायला अस्वल येतं, आणि अस्वल माणसाला बघून बाजूला होईलच असं नाही. गावकरी मोह वेचायला घोळक्याने जातात त्याचं हे एक कारण.

८. फुललेल्या झाडावर पक्षी येतात हे कळलं. पण बघायचं कसं? आम्ही गेलो की झाड रिकामं असतं.

बहुतेक वेळा चूक दोन जागी होते, तुम्ही झाडाच्या फार जवळ जाता आणि फार लवकर निघता. झाडापासून तीस-चाळीस पावलं लांब, सूर्य पाठीशी घेऊन बसा. उभं राहू नका, बसा. पहिली दहा मिनिटं काही येणार नाही. मग शिंजीर येतील, कारण ते कुणाला फारसं जुमानत नाहीत. त्यांच्या मागोमाग बुलबुल, पर्णपक्षी, कोतवाल, हळद्या, मैना, पोपट. मोठ्या काटेसावरीवर हा क्रम सकाळभर फिरत राहतो.

प्रत्येक झाडाची गिऱ्हाइकं वेगळी असतात. पळस आणि काटेसावरीत मध भरपूर, त्यामुळे तिथे भांडणं जास्त. भृंगराज आला की लहान पक्षी पांगतात. तो मधही पितो आणि मधावर आलेले किडेही टिपतो. भोरड्यांचा थवा पळसावर उतरला की दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. हे पाहुणे एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात, तेव्हा ज्यांना तो थवा बघायचा आहे त्यांनी मार्च टाळू नये. पांगाऱ्याची फुलं पळसाच्या आगेमागेच येतात, त्यामुळे पळस संपला म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

फळझाडांचा मामला निराळा. वड, पिंपळ, उंबर पिकलेला असेल तर तिथे हरियल, तांबट, कुटुर्गा, राखी धनेश आणि कोकीळ येतात, आणि ते फुलांवरच्या पक्ष्यांसारखे नाचत नाहीत. हरियल पानांत इतका बेमालूम बसतो की झाडावर पन्नास असले तरी पाच मोजून होतात. आपला राज्यपक्षी म्हणून त्याला शोधायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की वर बघण्याआधी खाली बघा. झाडाखाली उंबरं पडत असतील आणि वारा नसेल, तर वर कुणीतरी आहे.

एका सकाळी एकच झाड, फार तर दोन. तिसऱ्या झाडाकडे निघालात की पहिल्यावर धनेश येतो, असा माझा अनुभव आहे, त्याला शास्त्र विचारू नका.

९. एप्रिलमध्ये येणं भाग आहे. मग काय करावं?

पाण्याकडे बसा. एप्रिलमध्ये पायथ्याला पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि साडेनऊनंतर जंगल मुकं होतं. मात्र पाणवठ्यावर दुपारी तीन ते साडेपाच पक्षी प्यायला आणि आंघोळीला येतातच. सिपनेच्या डोहांवर खंड्या, धोबी, तुतारी. लहान पाणवठ्यावर होले, बुलबुल, दयाळ, नाचण, निळा माशीमार. रानकोंबडा आणि चकोत्री आधी झुडपात बराच वेळ घालवतात, मगच उघड्यावर येतात.

पाणवठ्याच्या काठावर गाडी लावू नका. जनावरांना ही एकच जागा उरलेली असते आणि तुमच्या गाडीमुळे तहानलेलं सांबर परत गेलं तर त्याला दुसरं पाणी चार-पाच किलोमीटरवर असू शकतं. अंतर ठेवा, इंजिन बंद करा, बोलणं बंद करा.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसून निसर्ग अनुभवण्याची संधी देतो. त्यासाठी वेगळं बुकिंग असतं. त्या रात्री पक्षी कमी आणि सस्तन प्राणी जास्त, ही कल्पना ठेवून जा.

१०. रानपिंगळा दिसेल का?

दिसू शकतो, आणि महाराष्ट्रात त्याला शोधण्यासाठी मेळघाटाइतकी चांगली जागा थोडीच आहे. हमी मात्र कुणी देत असेल तर त्या माणसापासून सावध राहा, कारण हमी देणारा बहुधा घरट्याशी नेतो किंवा आवाज वाजवतो (प्रश्न १२).

या पक्ष्यासाठी लोक एवढे वेडे का होतात तेही सांगायला हवं. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने आजच्या छत्तीसगडमधून मिळालेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने गोळा केले, त्यातला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं खात्रीची नोंद नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातमध्ये तो मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना चोरलेला निघाला, जुन्याच नमुन्याला नवी चिठ्ठी लावलेला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्या जागी होत राहिला. शेवटी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा पाहिला. पुढच्या काही वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना तो मेळघाटातही मिळाला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा झाला. त्याचं एक कारण आणखी ठिकाणं सापडली हेच.

आता शोधायचं कसं. तो दाट जंगलात नाही, विरळ सागाच्या जंगलात राहतो, उतार फार तीव्र नसलेल्या भागात, बरेचदा शेतांच्या जवळ. आणि तो दिवसा कामाला असतो. सकाळी कोवळ्या उन्हात पर्णहीन सागाच्या शेंड्यावर उघड्यावर बसलेला ठेंगणा पिंगळा दिसला तर गाडी थांबवा. पानगळीनंतरचा मार्च इथे तुमच्या बाजूने असतो. शेंडे मोकळे असल्याने दुर्बिणीने एकेक साग तपासत जाता येतं. सरडे आणि उंदीर टिपायला तो खाली झेपावतो आणि पुन्हा फांदीवर येतो, तेव्हा एकदा निसटला तरी पाच मिनिटं तिथेच थांबायला हरकत नाही.

११. तो रानपिंगळाच होता की साधा पिंगळा? फोटो पाठवतो, सांगाल का?

पाठवा, पण आधी स्वतः तपासा. मेळघाटात तीन लहान पिंगळे आहेत आणि आमच्याकडे येणारे बहुसंख्य ‘रानपिंगळे’ ठिपकेवाले पिंगळे निघतात.

डोक्यापासून सुरू करा. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी दिसतं, ठिपके असले तरी पुसट. जंगली पिंगळ्याचं डोकं, पाठ, छाती सगळीकडे बारीक आडव्या रेघा.

मग छाती-पोट बघा. रानपिंगळ्याची वरची छाती गडद तपकिरी, त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, कडेला जाड पट्टे. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. चोच आणि पाय त्या आकाराच्या पक्ष्याला थोराड वाटावेत असे, पायांवर बोटांपर्यंत पांढरी पिसं. वागण्यात एक खूण आहे: बसल्या जागी तो शेपटी डावी-उजवीकडे झटकतो.

‘दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळा’ हे गृहीतक सोडा. तिन्ही पिंगळे दिवसा दिसू शकतात. गावातल्या पिंपळावर जोडीने बसून कलकल करत असेल तर तो बहुधा ठिपकेवालाच.

१२. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावला तर काय बिघडतं? सगळेच करतात.

वसंतात तर बिलकुल करू नका. नराला वाटतं हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला, आणि तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबर ते मे या काळात होते, म्हणजे तुम्ही येता तेव्हा ढोलीत पिल्लं असण्याची शक्यता असते. ठराविक दोन-तीन जोड्यांच्या जागा सगळ्यांना माहीत झाल्या की त्याच जोड्यांना दर शनिवारी दहा मोबाइल ऐकावे लागतात. घरट्याजवळ जाणं, फ्लॅश मारणं, फांद्या तोडून फोटोसाठी ‘खिडकी’ करणं, हेही त्यातच आलं. फांदी तोडली की आत सूर्य आणि शिक्रा दोन्ही पोहोचतात.

आवाज शिकायचे असतील तर घरी हेडफोन लावून शिका. जंगलात कान उघडे ठेवले की ओळख पटते.

१३. नवरंग आणि स्वर्गीय नर्तक मार्चमध्ये मिळतील?

नवरंगासाठी मार्च लवकर आहे. तो मेअखेर, पावसाच्या तोंडावर येतो, चातकाची वेळही साधारण तीच. स्वर्गीय नर्तक नदीकाठच्या दाट सावलीत शोधा. पांढरी लांब शेपटी हवी असेल तर थोडं नशीब लागतं, कारण तांबूस नर आणि माद्याही तितक्याच असतात.

१४. रात्री घुबडं बघायला जाता येईल?

कोअरमध्ये नाही. पण मुक्कामाच्या आवारात दिवे मालवून बसलात तर बरंच काही ऐकू येतं. रातवा संध्याकाळी अंधार पडता पडता बोलायला लागतो. नदीजवळ राहिलात तर मत्स्य घुबडाचा खोल हुंकार कानावर येऊ शकतो. टॉर्च फिरवण्यापेक्षा कानांवर विसंबा. टॉर्चने पक्षी आंधळा होतो आणि शेजारच्या खोलीतला माणूस उठतो.

१५. कोणती दुर्बीण घ्यावी? कॅमेरा आणावा का?

८×४२ ची, म्हणजे आठ पटींची. दहा पटींची दुर्बीण हात हलतो तेवढं चित्रही हलवते आणि गाडीत तर फारच. ज्यांच्याकडे एकच वस्तू घेण्याइतके पैसे आहेत त्यांनी कॅमेरा न घेता दुर्बीण घ्यावी. कॅमेरावाले पक्ष्याकडे बघत नाहीत, स्क्रीनकडे बघतात, हे थोडं बोचरं आहे पण खरं आहे. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

मोबाइलवर ओळखीसाठी मर्लिन किंवा नोंदींसाठी ई-बर्ड ही अ‍ॅप वापरत असाल तर आपल्या भागाची माहिती घरूनच डाउनलोड करून आणा.

१६. कपडे, पाणी, औषधं?

मातकट किंवा हिरवट सुती पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा नको, केशरी-लाल नको. पहाटे उघड्या जिप्सीत मार्चमध्येही गारठा लागतो, पातळ स्वेटर ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, टोपी. पानगळीच्या जागी बसून उठलात तर मोजे-पायघोळ तपासा, गोचिडी असतात. काही बरंवाईट झालं तर परतवाड्याकडून असाल तर अचलपूरचं आणि पलीकडे असाल तर धारणीचं उपजिल्हा रुग्णालय.

१७. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत आहेत.

चालेल. सकाळची सफारी एकच ठेवा, दुपारी झोप, संध्याकाळी मुक्कामाच्या आवारातल्या झाडाखाली खुर्च्या टाका. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जिप्सीत चार तास गप्प बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आणि इतरांवरही. त्यांना कोतवाल, टकाचोर, वेडा राघू असे ठळक, उघड्यावर बसणारे पक्षी द्या. पर्ण वटवट्या ओळखायला अजून वय पडलंय. ज्येष्ठांसाठी कोलकासचा व्हरांडा, दुसरा पर्याय सुचवणार नाही.

१८. वाघ दिसेल का?

ताडोबात जा. मेळघाटात वाघ आहेत, पण डोंगराळ मुलुख आणि मोठं क्षेत्र यामुळे दिसणं दुर्मीळ. पक्षिनिरीक्षकाला हेच बरं, कारण गाड्यांची रांग लागत नाही. वाघ-बिबट्याची चाहूल लागून भेकरं ओरडायला लागली की दुर्बीण मात्र गळ्यात असू द्या.

१९. होळीच्या आठवड्यात आलं तर चालतं का?

चालतं, पण तयारीने. होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसं या दिवसांत घरी परततात, त्यामुळे एसटी भरून येतात. होळीनंतर पुढचे काही दिवस रस्त्यावर फगवा मागतात, बायका-पोरं दोरी धरून गाडी थांबवतात, गाणी म्हणतात. चिडू नका, सुटे पैसे काढून ठेवा आणि हसून द्या. गाईड आणि चालक त्या दोन-तीन दिवसांत सुटीवर असू शकतात, म्हणून सफारी आधी पक्की करा. गावात ढोल-बासरीच्या आवाजात पक्षी बघणं जमत नाही. त्या रात्री नाच बघावा.

२०. आम्ही येऊ तेव्हा वणवा लागला तर? किंवा अवकाळी पाऊस?

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी आगीचा हंगाम. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मुद्दाम जाळून मोकळे केलेले पट्टे, आधीच काढलेल्या असतात, त्या काळ्या पट्ट्यांना वणवा समजून घाबरू नका. खरा वणवा लागला तर रस्ता बंद होतो, सफारी रद्द होते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तुमचा गाईडच पाठीवर ब्लोअर घेऊन आग विझवायला गेलेला असतो. तुमच्याकडून एवढंच: काडीपेटी, सिगारेट, चुलीवरचा चहा यातलं काहीही जंगलात नको. धूर दिसला तर जवळच्या वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

विदर्भात मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीटही होते. गारांनी पळसाची फुलं एका तासात जमिनीवर येतात आणि तुमचा प्रश्न ८ चा बेत बारगळतो. पण पाऊस थांबल्यावरचे पहिले दोन तास सोडू नका. ओले पक्षी पिसं वाळवायला शेंड्यांवर येऊन बसतात, शिकारी पक्षी तर हमखास. फक्त पाणवठ्यावर त्या दिवशी जाऊ नका, पाणी सगळीकडेच असतं.

२१. अमरावतीत लग्नाला येतोय, एकच सकाळ मोकळी आहे.

मग मेळघाटाचा नाद सोडा. पहाटे तीनला उठून घाट चढायचा आणि अकराला परत फिरायचं, यात फक्त चालकाचे हाल. अमरावतीतच वडाळी आणि छत्री तलाव आहेत, आणि शहराला लागून पोहरा-मालखेडचं जंगल आहे. एका सकाळी तिथे पळस, शिंजीर, हळद्या, धनेश सगळं मिळतं आणि अक्षता टाकायला वेळेवर पोहोचता येतं.

२२. मुंबईचा आहे, मेळघाट लांब पडतं. रानपिंगळा जवळ कुठे?

ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये तो आढळला, आणि त्यामुळे त्याच्या वावराबद्दलच्या समजुती बदलल्या. तिथेही वनविभागाची परवानगी आणि प्रश्न १२ मधलं सगळं लागू आहे, किंबहुना शहर जवळ असल्याने अधिकच.

२३. ई-बर्डवर यादी टाकताना रानपिंगळ्याची जागा लिहू का?

यादी जरूर टाका, मेळघाटातल्या उन्हाळी नोंदी कमीच आहेत. पण रानपिंगळा, कुठलंही घरटं किंवा घुबडाची ढोली असेल तर नेमका ठिपका नकाशावर देऊ नका, मोठ्या परिसराच्या नावाखाली नोंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन तर नकोच. फोटोतली जागेची माहिती काढून टाका, ती बऱ्याच मोबाइलमध्ये आपोआप जोडलेली असते. वनविभागाला मात्र अचूक जागा सांगा, गाईडमार्फत सांगितली तरी चालेल.

२४. झाडाखाली घुबडाचं पिल्लू सापडलं. उचलू का?

नाही. मार्च-एप्रिलमध्ये पंख पुरते न फुटलेली पिल्लं ढोलीतून बाहेर येतात, फांदीवर धडपडतात, कधी खाली पडतात, आणि आईबाप जवळच असतात. पन्नास पावलं मागे जा आणि अर्धा तास बघा. कुत्रं जवळ असेल किंवा पिल्लू रस्त्याच्या मधोमध असेल तर कापडात धरून त्याच झाडाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर ठेवा. रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल, तर वनरक्षकाला बोलवा किंवा १९२६ लावा. पाणी पाजू नका, दूध तर मुळीच नाही, आणि खोलीवर घेऊन जाऊ नका. संरक्षित पक्षी जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.